जुनं चेन हॉटेल की नवं कोरं गावचं? कोल्हापुरात खोली घेण्याआधी

शुक्रवार पेठेतलं घर विकल्यापासून आम्ही आमच्याच गावात पाहुणे आहोत. लग्न असो, अंबाबाईची ओटी भरायची असो, की जमिनीच्या भानगडीतली कोर्टाची तारीख असो, कोल्हापुरात यायचं म्हणजे आधी खोली बघायची. सुरुवातीला आईला हे फार लागायचं. आता खोलीत शिरल्या शिरल्या चहाच्या किटलीचं बटण ती माझ्याआधी दाबते.

गेल्या वर्षभरात दोन वेगळ्या ठिकाणी राहणं झालं. पावसाळ्यात तीन रात्री एका मोठ्या नावाच्या चेन हॉटेलात. एके काळी 'तिथं उतरलेत' एवढं सांगितलं की पाहुण्यांची पत कळायची, असं ते हॉटेल. आणि दिवाळीनंतर दोन रात्री एका नव्या, गावातल्याच मालकाच्या हॉटेलात, जिथे लिफ्टच्या आरशावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. नावं दोघांचीही सांगत नाही. ज्यांना असा निर्णय घ्यायचाय त्यांना नावापेक्षा काय बघायचं ते कळलेलं बरं. भाड्याचा हिशोब ढोबळमानाने असा: जुन्याच्या दोन रात्रींत नव्याच्या साडेतीन रात्री निघतात.

आधी दाराशीच काय होतं ते सांगते. मुंबईहून दादा महालक्ष्मी एक्सप्रेसने येतो. ती गाडी सकाळी लवकर कोल्हापुरात टेकते आणि चेन हॉटेलांचं चेक-इन असतं दुपारी दोनला. मधले तास सोफ्यावर. रिसेप्शनवरचा मुलगा अत्यंत नम्रपणे सांगत होता की सिस्टिममध्ये रूम रेडी दाखवत नाही. समोरच्या बोर्डवर किल्ल्या दिसत असत्या तर मी वाद घातला असता, पण हल्ली किल्ल्याच नसतात. शेवटी वहिनीच्या मेंबरशिप कार्डावर अकरा वाजता खोली मिळाली. नव्या हॉटेलात काउंटरवर मालक स्वतः होते. "या की ताई. वरची रूम रिकामी हाय, जावा. कागदं मागनं बघू." सकाळी साडेसातला खोली, जादा पैसे नाहीत. मी खूश. पण हाच मोकळेपणा दुसऱ्या बाजूनेही चालतो. मी मागितलेली रस्त्याकडची खिडकीवाली खोली त्यांनी आदल्या रात्री वऱ्हाडाला देऊन टाकली होती आणि आमच्या वाट्याला आली ती डक्टकडे उघडणारी. चेनमध्ये नियम तुमच्या आड येतो तसा तुमच्या बाजूनेही उभा राहतो. नव्या ठिकाणी सगळं मालकाच्या मर्जीवर.

आता खोली. इथे जुन्या हॉटेलाची जमेची बाजू मान्य केलीच पाहिजे. खोली ऐसपैस. दोन पलंगांमधून आईची काठी आणि आई दोघी आरामात जातात. भिंती जाड, शेजारच्या खोलीतला खोकलाही ऐकू येत नाही. पण दार उघडल्याबरोबर जो कुबट वास आला, त्याने आई उंबऱ्यावरच थांबली. "कोणीतरी ओली गोणी ठेवलीय बघ कुठंतरी."

गोणी नव्हती, कार्पेट होतं. कोल्हापूरचा पाऊस ज्याने अनुभवलाय त्याला सांगायला नको. जुलैत इथे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. खिडक्या कायमच्या बंद असलेल्या खोलीत भिंत ते भिंत कार्पेट अंथरलं की ते हवेतली ओल पिऊन घेतं. त्यात जुन्या सेंट्रल एसीचं युनिट छतात दडवलेलं असतं. थंड कॉइलवर जमणारं पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ट्रेची नळी तुंबली की पाणी तिथेच साचून राहतं. मग पंखा तोच वास खोलीभर फिरवतो. हाउसकीपिंगची मुलगी येऊन सुगंधी फवारा मारून गेली. त्याने ओल्या गोणीला मोगऱ्याचा गजरा बांधल्यासारखं झालं. फवारा मारू देऊ नका, सरळ खोली बदलून मागा. आम्ही मागितली, अर्ध्या तासात मिळाली. आणि तिथे कळलं की त्याच हॉटेलात दोन हॉटेलं आहेत. तिसऱ्या मजल्याचं काम नव्याने झालं होतं: लाकडासारखी फरशी, नवे दिवे, वासाचा मागमूस नाही. भाडं तेवढंच. बुकिंग करताना हे कोणी आपणहून सांगत नाही.

असं का होतं, तेही सांगते, कारण ते कळलं की खोली निवडणं सोपं जातं. पुष्कळ ठिकाणी पाटीवरचं नाव कंपनीचं असतं पण इमारत स्थानिक मालकाची. कंपनी नाव, बुकिंगची व्यवस्था आणि नियम देते. काही ठिकाणी माणसंही तिचीच असतात. कार्पेट बदलायचे, नळ बदलायचे, रंग काढायचा तो खर्च मात्र मालकाच्या खिशातून. गाद्या-पडदे-कार्पेट यांचं आयुष्य साधारण पाच-सात वर्षं धरतात, बाथरूमचं त्याहून जास्त. धंदा मंद असला की मालक एकेक मजला करून काम उरकतो, किंवा पुढच्या वर्षावर ढकलतो. ताऱ्यांचंही असंच. पर्यटन मंत्रालयाकडून मिळणारं तारांकन पाच वर्षांपुरतं असतं, ते पुन्हा घ्यावं लागतं. बुकिंगच्या ॲपवर दिसणारे तारे म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. लॉबीत फ्रेम लावलेली असते, तिच्यावरची तारीख वाचायला लाजू नका.

नव्या हॉटेलात वास नव्हता. होता तो रंगाचा आणि नव्या सनमायकाचा. टाइल्स चकचकीत, स्प्लिट एसी, उशाशी चार्जिंगचे पॉइंट (जुन्यात मोबाइल टीव्हीमागे लोंबकळत ठेवायचा). खोली मात्र आगपेटी. दोन बॅगा उघडल्या की तिसऱ्या माणसाने पलंगावरच बसून राहायचं. आणि भिंती पातळ. खाली बँक्वेट हॉल आणि हॉलमध्ये हळद. कोल्हापुरात ज्याला डॉल्बी म्हणतात ती मोठ्या स्पीकरांची यंत्रणा लागली की पाण्याच्या ग्लासात लाटा उठतात. काउंटरला फोन केला तर उत्तर आलं, "ताई, धापर्यंत. पोलिसांचा नियम हाय." दहाला खरंच बंद झालं, हेही सांगायला हवं.

बाथरूमवर जरा जास्त लिहिते, कारण सोबत म्हातारं माणूस असेल तर निर्णय तिथेच होतो. जुन्या हॉटेलात बाथटब. एके काळचा थाट. पण शॉवर टबातच असल्यामुळे अंघोळीला गुडघ्याएवढा कठडा ओलांडून, गुळगुळीत तळावर उभं राहायचं. माझ्या आईचं वय ७६. पहिल्या खोलीत तिने बेसिनपाशीच अंग पुसून घेतलं आणि मला सांगितलंही नाही. तिसऱ्या मजल्यावर टब काढून सपाट जागा केली होती, धरायला दांडाही बसवला होता. नव्या हॉटेलात टब नव्हताच, पण दांडाही नव्हता, आणि काचेचं पार्टिशन असूनही पाणी कमोडपर्यंत यायचं. म्हणजे पाय घसरायची सोय दोन्हीकडे.

गरम पाण्याचीही वेगळी तऱ्हा. जुन्यात सगळ्या इमारतीला एक बॉयलर. दिवसा चालू करताच कढत पाणी, कितीही. पण काकड आरतीला जायचं म्हणून पहाटे चारला नळ सोडला तर दहा मिनिटं गारच, कारण रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी आधी निघून जावं लागतं. नव्यात खोलीगणिक छोटा गिझर: पहाटेही पाणी तापतं, पण दीड बादलीनंतर संपतं. दोघींपैकी एकीने थांबायचं. बादली-मग जुन्या हॉटेलात मागावे लागतात. मागितल्यावर लगेच आणून देतात. शॉवरची अर्धी भोकं क्षारांनी बुजलेली असल्याने तेच बरं पडतं.

जेवणाबद्दल थोडक्यात: रात्रीचं दोन्हीकडे जेवू नका. कोल्हापुरात येऊन हॉटेलातला तांबडा-पांढरा मागवायचा म्हणजे नळाला पाणी असताना बाटली विकत घेण्यासारखं. चेन हॉटेलातला पांढरा रस्सा इतका काजूचा होता की त्याला खीर म्हणून वाढता आलं असतं; मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ यांतलं काही जिभेला लागेना. नाश्त्याचं मात्र वेगळं. जुन्यात मोठा बुफे, इडलीपासून ऑम्लेटपर्यंत, पण मिसळ बाहेरच्यांसाठी बेताची केलेली आणि कट मागितला तर मुलगा गोंधळला. नव्यात पोहे, मिसळ, चहा, संपलं. मिसळ झणझणीत. आईने पावाऐवजी भाकरी मागितली, तर मालकांनी घरून आणवली.

माणसांच्या बाबतीत मी अजून पुरती ठरवू शकलेली नाही. जुन्या हॉटेलात पन्नाशी ओलांडलेले एक वेटरमामा आहेत. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी येऊन म्हणाले, "आक्का, आज शुक्रवार की. आमटी-भात सांगू आत?" मेनूत आमटी-भात नाही. आई शुक्रवार पाळते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं; कपाळ आणि हिरवा चुडा बघून ओळखलं. लिफ्ट बंद पडली तेव्हा व्हीलचेअर घेऊन धावत आले तेही हेच. नव्या ठिकाणची मुलं चांगली आहेत, पण दोन रात्रींत मी तीन वेगळे चेहरे पाहिले, आणि अंबाबाईच्या देवळाला जवळचा रस्ता कुठला हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. गाडी बिंदू चौकात लावून चालत जायचं, हे शेवटी मीच त्यांना शिकवलं.

बिलाकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की थेट १८ टक्के. चेन हॉटेलांचे दर मागणीप्रमाणे रोज हलतात, त्यामुळे लग्नाच्या तिथीला ही रेघ नकळत ओलांडली जाते. ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाला बाराशेचा भुर्दंड. ज्या हॉटेलात खोल्या साडेसात हजारांवर विकल्या जातात तिथे जेवणावरही सहसा १८ टक्के लागतात, नव्यासारख्या ठिकाणी ५. सर्व्हिस चार्ज न विचारता बिलात घालता येत नाही, २०२२ पासून तशा सरकारी सूचना आहेत. आमच्या बिलात तो होता. काढा म्हटल्यावर काढला, चेहरा न पाडता. नव्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज नव्हता, पण बिल मागितल्यावर "पक्कं पाहिजे का?" असा प्रश्न आला. पक्कंच मागा.

कधी येताय यावरही पुष्कळ आहे. नवरात्रात आणि किरणोत्सवाच्या (मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या) दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि जानेवारीअखेरीस, निवड वगैरे विसरा, मिळेल ती खोली घ्या. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार इथे येतात, तेव्हा मंगळवार-बुधवारही मोकळे धरू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत जा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद होऊन माणसं अडकली होती, आणि २०१९ ला पाणी उपसा केंद्रंच बुडाल्याने शहरात नळाला पाणी नव्हतं. अशा वेळी टाकी किती मोठी आणि जनरेटरवर लिफ्ट चालते का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. जुन्या हॉटेलात दोन्हींची उत्तरं तयार होती. नव्या मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "लिफ्ट न्हाई चालत ताई, दिवं चालत्यात."

पन्हाळा-जोतिबा करून फक्त झोपायला खोलीवर येणार असाल, किंवा तरुण जोडपं असाल, तर नवं घ्या आणि उरलेल्या पैशात चपला घ्या. कंपनीच्या खर्चाने आला असाल तर जुनं. तिथली टेबलं कामाला मोठी आहेत आणि बिलाची कटकट नाही. म्हातारं माणूस सोबत असेल तर जुनंच, पण फोन करून तीन गोष्टी आधी वदवून घ्या: काम झालेला मजला, टब नसलेली बाथरूम, कार्पेट नसलेली खोली. 'प्रयत्न करतो' म्हणाले तर दुसरीकडे बघा.

येत्या वैशाखात चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. आईसाठी आणि माझ्यासाठी जुन्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरची खोली सांगून ठेवलीय. वेटरमामा त्या आठवड्यात सुट्टीवर नाहीत ना, हेही आईने मला विचारायला लावलं. दादासाठी नवं बुक केलंय. डॉल्बी वाजली तरी त्याला झोप लागते.