ह्यांचे कॅन्सरचे उपचार: पाचपैकी साडेतीन तारे

इंग्लंडमध्ये येऊन तीस वर्षं झाली, पण इथल्या सरकारी हॉस्पिटलबद्दल लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही.

2024 च्या जानेवारीत ह्यांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरची शंका दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेला निघाला. त्याच महिन्यात राजे चार्ल्स प्रोस्टेटसाठी लंडन क्लिनिक या खासगी हॉस्पिटलात दाखल झाले. "बघ, राजाचं दुखणं आलंय मला," हे म्हणाले. 5 फेब्रुवारीला राजवाड्याने जाहीर केलं, की राजांना कॅन्सर आहे (प्रोस्टेटचा नव्हे, दुसराच) आणि उपचार सुरूही झालेत. आमचं अजून एमआरआयचं पत्रसुद्धा आलं नव्हतं.

तातडीच्या रेफरलपासून, म्हणजे कॅन्सरच्या शंकेने डॉक्टरांनी हॉस्पिटलकडे पाठवल्यापासून, 62 दिवसांत उपचार सुरू व्हावेत, किमान शंभरातल्या 85 जणांचे तरी, असा इथला दंडक. 2015 नंतर देशपातळीवर तो पाळला गेलेला नाही. आमची बायोप्सी एकदा पुढे गेली, मग रिपोर्ट आला तर तो सांगायला डॉक्टर रजेवर. उपचाराची सुरुवात म्हणजे हार्मोनचं पहिलं इंजेक्शन, ते मिळालं 97 व्या दिवशी. कॅलेंडरवर फुल्या मारत होते, म्हणून आकडा पाठ आहे.

दीड तारा कापला तो एवढ्यासाठीच. पुढे मात्र बोट ठेवायला जागा नाही. रेडिओथेरपीच्या वीस खेपा झाल्या. मशीन अडलं की पाणी पिऊन, लघवी धरून बसलेल्या ह्यांची अवस्था बघवत नसे, पण नर्स दर पाच मिनिटांनी येऊन सांगून जायची. बिल शून्य. कॅन्सरच्या पेशंटला औषधंही फुकट. पैसे गेले ते पार्किंगचे.

जाणार असाल तर एक करा: पत्राची वाट बघत बसू नका, डॉक्टरांच्या सेक्रेटरीचा नंबर मिळवा. आमच्या लेकीने रोज फोन करून पिच्छा पुरवला, तेव्हा कुणाची तरी रद्द झालेली वेळ आम्हाला मिळाली. राजाला फोन करावा लागत नाही. बायोप्सीच्या दिवशी शेजारी एक बांगलादेशी आजोबा होते. एकटेच आलेले, इंग्रजी जेमतेम. त्यांचं आधीचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि स्कॅनची तारीख हुकली. लेकीने संध्याकाळी त्यांच्यासाठीही फोन लावला. "पेशंटशी तुमचं नातं काय?" असं तिकडून विचारलं, आणि घरच्यांशिवाय कुणाशी बोलता येत नाही म्हणून सांगितलं.