ठाण्याच्या नौपाड्यातलं आठवणींचं सत्र: डब्या उत्तम, प्रश्न चुकीचे

दर शनिवारी ज्येष्ठांसाठी भरणारं हे सत्र दीड तासाचं, आठ जणांचं. फी ४०० रुपये. साहित्य जीव लावून जमवलंय. त्यातही वासाच्या डब्यांना तोड नाही: कापूर, घासलेट, सुंठ, चंदन. बाकीच्या संवेदना थॅलॅमस या मेंदूतल्या जंक्शनमधून वळसा घेऊन जातात. वास मात्र घ्राणकंदातून, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या केंद्रातून, थेट भावना हाताळणाऱ्या अमिग्डालापाशी आणि आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर पोचतो. घासलेटाची डबी उघडली की रेशनची रांग आणि डब्याची हाताला काचणारी कडी एकदमच वर येतात.

फोटोकार्डांत मात्र घोळ आहे. स्टेशनचं चित्र दाखवून विचारतात, "ठाण्याला पहिली गाडी कधी आली?" १८५३ ही झाली माहिती, ती ठाऊक असायला त्या गाडीत बसावं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी १९७२ मध्ये हाच फरक मांडला होता: अर्थस्मृती (ठाऊक असलेली माहिती) वेगळी, प्रसंगस्मृती (स्वतः अनुभवलेलं) वेगळी. प्रसंग आठवताना हिप्पोकॅम्पस चेहरा, आवाज, जागा असे मेंदूत विखुरलेले धागे पुन्हा एकत्र गुंफतो. म्हणून प्रश्न हवा, "गडकरी रंगायतनला नाटक पाहिलंत तेव्हा शेजारी कोण होतं?" आणि विचारून झालं की अर्धा मिनिट तरी गप्प राहावं. इथे सत्र घेणाऱ्या बाई पाचव्या सेकंदाला सुचवतात, "काका, पाऊस होता ना तेव्हा?" हे फार वाईट. आठवण दर खेपेला नव्याने जुळते. सुचवलेला पाऊस तिच्यात मुरतो आणि पुढच्या वेळी खराच वाटतो.

शेवटी पाच शब्द आठवायला लावून गुण सांगतात. हे बंद करावं. न आठवलेला शब्द "एक फळ होतं" म्हटल्यावर सुचला, तर तो साठलेला आहे, शोधायला जड जातंय. इशाऱ्यानेही सुचला नाही, तर मुळात साठवणच बिघडलेली असू शकते. हा भेद न सांगता "पाचपैकी दोन" म्हटलं की घरचे हबकतात. परवाचे पाहुणे विसरायला होत असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. बी१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा, त्यांच्या कमतरतेमुळे आलेला विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो.

जाणार असाल तर घरचे दोन फोटो न्या, साधारण १५ ते २५ वयातले. त्या वर्षांच्या आठवणी सगळ्यात दाट असतात. मागे जागा आणि नावं लिहा, किस्सा लिहू नका. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.