पावसाने अर्धवट राहिलेला बोल्सचा सामना: कोणत्या स्पर्धेला कोणता नियम लावायचा?

मेलबर्न-सिडनीकडची आपली बरीच मंडळी लॉन बोल्स, म्हणजे जॅक नावाच्या लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले बोल (मोठे चेंडू) घरंगळवत न्यायचा हिरवळीवरचा खेळ, पहिल्यांदा खेळतात ती ऑफिसच्या पार्टीत, अनवाणी पायांनी आणि हातात ग्लास धरून. त्यातले काही पुढे क्लबाचे सभासद होतात. आणि त्यातला एखादा, हिशेब बरा जमणारा आणि लांबलचक मेल लिहायचा कंटाळा नसलेला, मॅच कमिटीवर ओढला जातो. मी असाच ओढला गेलो. पहिल्याच हंगामात एका शनिवारी पावसाने सामना मध्येच थांबला आणि पुढचे तीन आठवडे दोन क्लबांमध्ये जी पत्रापत्री झाली, तिच्यापुढे आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं भांडण म्हणजे भजनसंध्या होती. नियम होता, पण दोन्ही बाजूंना तो आपापल्या सोयीने वाचता येत होता.

यंदा तुमच्या क्लबात किंवा छोट्या लीगमध्ये हा नियम ठरवायची पाळी तुमच्यावर आली असेल, तर समोर पाच-सहा पर्याय असतात. ते एकेकटे वाचले की सगळेच न्यायाचे वाटतात. म्हणून एक काल्पनिक सामना घेऊ आणि सगळे नियम त्यालाच लावून बघू.

हिरवा क्लब विरुद्ध निळा क्लब. चौघाचौघांचे तीन रिंक (ग्रीनवरच्या, म्हणजे मैदानावरच्या, खेळायच्या पट्ट्या), प्रत्येकावर 21 एंड (सगळ्यांचे बोल एकदा टाकून झाले की एक एंड). समोरच्याच्या सगळ्यांत जवळच्या बोलपेक्षाही जॅकजवळ असलेल्या आपल्या प्रत्येक बोलचा एक शॉट; तिन्ही रिंकवरचे शॉट मिळून ज्याचे जास्त तो क्लब जिंकला. पावणेचारला आभाळ फाटलं तेव्हाची स्थिती अशी:

रिंक 1: 15 एंड पूर्ण, हिरवा 17, निळा 10
रिंक 2: 12 एंड पूर्ण, हिरवा 8, निळा 15
रिंक 3: 13 एंड पूर्ण, हिरवा 12, निळा 11

एकूण हिरवा 37, निळा 36. पण रिंक 3 वर चौदावा एंड चालू होता. निळ्याचे चार बोल जॅकला बिलगून पडले होते आणि सोळापैकी दोनच बोल टाकायचे राहिले होते.

पहिला वाद इथेच पेटतो. निळ्याचं म्हणणं, ते चार शॉट आमचे, म्हणजे आम्ही 40-37 ने पुढे. वर्ल्ड बोल्स या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकात याचं उत्तर सरळ आहे: अर्धवट राहिलेला एंड बाद धरायचा, राहिलेला बोल एकच का असेना. ऐकायला कठोर वाटतं, पण ज्याने हा खेळ खेळलाय त्याला पटतं. शेवटच्या बोलने जोरात मारून जॅक उडवला की चारचे शून्य होतात, कधी उलटे दोन समोरच्याला जातात. या कलमाला हात लावू नका. लावलात तर डोकं गमवाल. (बोल्समध्ये जॅकभोवतीच्या बोलांच्या गर्दीला ‘हेड’ म्हणतात, म्हणून हा पाणचट विनोद क्लबात दर शनिवारी होतो.)

आता मुख्य प्रश्न: 37-36 चं करायचं काय?

आहे तो स्कोअर कायम, की गुण वाटून?

लीगमध्ये बहुतेक वेळा निवड या दोघांतच होते. ठरावीक एंड झाले असतील तर स्कोअर कायम, नसतील तर लीगच्या तक्त्यातले सामन्याचे गुण निम्मे निम्मे. सोपं वाटतं. सगळी गोम ‘ठरावीक’ या शब्दात आहे.

समजा नियम म्हणतो, निम्मे एंड पुरेत. तिन्ही रिंकवर 11 च्या वर एंड झालेत, म्हणजे हिरवा एका शॉटने जिंकला. नियम म्हणतो दोन-तृतीयांश, म्हणजे प्रत्येक रिंकवर 14, तर ती अट फक्त रिंक 1 ने पूर्ण केली. सामना रद्द आणि गुण वाटून. दोन-तृतीयांश एंड तिन्ही रिंकचे मिळून मोजायचे म्हटलं, तर 63 पैकी 42 लागतात आणि झालेत 40. दोन एंडांसाठी सामना गेला. अशा वेळी रिंक 2 वर बाराच एंड का झाले, कोण मॅट पुसत बसलं होतं आणि कोण हेड बघायला तीनदा चालत गेलं, याची चौकशी बारमध्ये सुरू होते.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. काही जण म्हणतात, रिंक पुढेमागे असतील तर सगळ्यांत मागच्या रिंकवर जितके एंड झाले तितकेच सगळीकडे धरा. क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्या मनाला हे लगेच पटतं, दोघांना सारखी षटकं असावीत तसं. मग बाराव्या एंडपर्यंत मागे जाऊ. रिंक 1 वर हिरव्याने तेरा, चौदा आणि पंधरा या तीन एंडांत सहा शॉट मिळवले होते, ते गेले. तिथे स्कोअर 11-10. रिंक 3 वर तेराव्या एंडला हिरव्याने दोन मिळवले होते, तेही गेले, तिथे 10-11. रिंक 2 तसाच, 8-15. बेरीज: हिरवा 29, निळा 36. तोच सामना, तीच दुपार, आणि आता निळा सात शॉटनी जिंकला.

म्हणून माझं मत समान एंडांच्या नियमाविरुद्ध आहे. त्यात संथ खेळणाऱ्या रिंकला इतर दोन रिंकांवरचे पूर्ण झालेले, दोन्ही स्किपनी (रिंकवरच्या कप्तानांनी) मान्य केलेले एंड पुसून टाकायची ताकद मिळते. शिवाय बोल्समध्ये एंड म्हणजे षटक नव्हे. एका एंडला दोन्ही बाजू खेळतात, तो संपला की तेवढ्यापुरता हिशेब चुकता. रिंक 1 वर तीन एंड जास्त झाले म्हणून हिरव्याला जास्त संधी मिळाली असं होत नाही, निळ्यालाही तेवढीच मिळाली. जुन्या सभासदांना हे बोटांवर मोजून दाखवावं लागतं, पण दाखवा.

गुण वाटून घेण्याची कीड वेगळी आहे. ती हंगामाच्या शेवटी लागते. ज्या संघाला वरच्या चारांत राहायला अर्धेच गुण पुरतात, तो दीड वाजल्यापासून आभाळाकडे बघायला लागतो. मागे पडलेल्या संघाला ग्रीन अचानक फार निसरडं वाटतं आणि पुढे असलेल्याला तेच ग्रीन ‘जरा दमट आहे, चालतंय’ असं दिसतं. तरी लीगसाठी मी गुण वाटण्याच्याच बाजूने आहे, कारण पंधरवड्यानंतर राहिलेले सहा-आठ एंड खेळायला चोवीस माणसं गाड्या काढून परत येणं हे फक्त कागदावर जमतं. निम्मे की दोन-तृतीयांश, यात दोन-तृतीयांश घ्या, आणि तिन्ही रिंकचे एंड मिळून मोजा. प्रत्येक रिंकला वेगळी अट घातली की एका संथ रिंकच्या हातात सगळा सामना जातो.

तिथूनच पुढे, की पहिल्यापासून?

बाद फेरीत गुण वाटता येत नाहीत, कोणीतरी पुढे जायलाच हवं. इथे खेळाचा मूळ नियम उपयोगी पडतो: थांबलेला सामना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, थांबला तेव्हाच्या स्कोअरवरून पुढे खेळायचा. एखादा खेळाडू दुसऱ्या दिवशी येऊ शकत नसेल तर बदली घेता येतो, मात्र एका संघातला माणूस दुसऱ्या संघात हलवता येत नाही.

दोन्ही पद्धतींचा अनुभव आपल्याला क्रिकेटने दिलाय, आणि दोन्हींचा चटका आठवणीत आहे. 9 जुलै 2019 ला मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंड 46.1 षटकांत 5 बाद 211 वर असताना पाऊस आला. राखीव दिवशी तिथूनच खेळ सुरू झाला, 239 झाले, आणि आपली अवस्था 3 बाद 5 झाली. हरलो 18 धावांनी. आदल्या दिवशीचं हवामान आणि दुसऱ्या सकाळचं हवामान एकच नव्हतं, अशी कुरकूर तेव्हा पुष्कळ ऐकली. याउलट 2002 ची कोलंबोतली चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. पहिल्या दिवशी श्रीलंकेचे 244, भारत दोन षटकांत 14, आणि पाऊस. राखीव दिवशी नवा सामना: श्रीलंका 222, भारत 1 बाद 38, पुन्हा पाऊस. दोन दिवसांत शंभरावर षटकं पडली आणि करंडक दोघांना विभागून.

बोल्समध्ये परिस्थिती बदलण्याचा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. गवताचं ग्रीन रात्रभर भिजलं की जड होतं. काल ज्या हाताच्या जोराने बोल जॅकपाशी थांबत होता, तो आज दोन-तीन मीटर अलीकडेच बसतो. रेषा बदलते, वळण बदलतं. म्हणजे राहिलेले एंड खरं तर वेगळ्याच ग्रीनवर खेळले जातात. सिंथेटिक ग्रीनवर पाणी लवकर निचरतं, तिथे हा फरक बराच कमी.

तरीही पहिल्यापासून खेळण्याच्या मी विरोधात आहे. ग्रीन बदललं तर दोघांसाठी बदललं. पण 21 शॉटच्या सिंगल्समध्ये 17-6 ने पुढे असलेल्या माणसाला ‘काका, उद्या पुन्हा शून्यापासून’ असं सांगून बघा. शिवाय चौघांचे 21 एंड म्हणजे साधारण तीन-साडेतीन तास, आणि पुन्हा पाऊस आला तर कोलंबो. पहिल्यापासून खेळायचं एकाच स्थितीत: सुरुवातीचे दोन-तीन एंडच झाले असतील आणि दोन्ही स्किप राजी असतील तर. ते राजी नसतील तर मूळ नियम.

वरच्या क्रमांकाचा पुढे, नाणेफेक, गणित

हे तिन्ही थोडक्यात. साखळीत वर असलेल्याला पुढे पाठवायचं, हा नियम 5 मार्च 2020 ला सिडनीत आपल्या पथ्यावर पडला. महिला टी-20 विश्वचषकाचा उपांत्य सामना एकही चेंडू न पडता वाहून गेला, गटात पहिला असल्याने भारत फायनलला आला आणि इंग्लंडच्या बायका घरी गेल्या. फायनल आमच्या मेलबर्नला होती, मी गेलो होतो, पुढचं बोलत नाही. स्थानिक फायनलला तारीख उरली नसेल तर हा मार्ग चालेल, पण फक्त सामना सुरूच झाला नसेल तेव्हा. निम्मा सामना खेळून मागे असलेला संघ निव्वळ साखळीतल्या क्रमांकावर करंडक उचलतो, हे दृश्य मी पाहिलंय. टाळ्या कोणी वाजवत नाही.

नाणेफेक नको. एक जादा एंड खेळण्याइतकी उघडीप मिळत असेल तर तो खेळा, नाणं उडवू नका.

आणि आपला एखादा इंजिनिअर सभासद डकवर्थ-लुईससारखं काहीतरी एक्सेलमध्ये करून आणतोच. आमच्याकडेही आणलं होतं. त्या पद्धतीचा पाया दोन गोष्टींवर आहे, उरलेली षटकं आणि हातातले गडी. बोल्समध्ये गडी नाहीत, दर एंडला सगळं नव्याने सुरू होतं. चौघांच्या सामन्यात एका एंडला एक शॉटही मिळतो आणि आठही. सरासरी काढून 37-36 चं 21 एंडांचं भाकीत करता येईल, पण त्याला निकाल म्हणायला माणसं तयार होणार नाहीत. एक्सेल शीट कौतुक करून बाजूला ठेवा.

थांबवायचं कोणी?

इतकी तुलना केल्यावर सांगतो, आमच्या त्या तीन आठवड्यांच्या भांडणात वरचा कुठलाही मुद्दा मुख्य नव्हता. भांडण होतं सामना किती वाजता थांबला आणि कोणाच्या शब्दावर, यावर. मूळ नियमाप्रमाणे पंच थांबवतो, किंवा खेळणारे आपसात ठरवून थांबतात. पण क्लबपातळीवर पंच बहुतेक वेळा यजमान क्लबाचाच सभासद असतो, आणि ग्रीनची काळजी घेणारा ग्रीनकीपरही त्यांचाच. ओल्या गवतावर चोवीस जणांचे पाय पडले की महिनाभराची मेहनत जाते, म्हणून तो खरोखर तळमळीने ‘बास’ म्हणत असतो. त्याच वेळी त्याचा क्लब दोन शॉटनी पुढे असतो. त्याचा हेतू शुद्ध आहे हे पाहुण्यांना कसं पटणार?

विजेबद्दल मात्र चर्चाच ठेवू नका. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला की सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर यायचं नाही. त्याला कोणाची संमती लागत नाही. उन्हासाठीही तापमानाचा आकडा हंगामाआधीच लिहून ठेवा. वाद होतो तो नुसत्या पावसावर, आणि तिथे दोन्ही साइड मॅनेजरनी (क्लबांच्या संघप्रमुखांनी) मिळून ठरवायचं. जमलं नाही तर पंधरा मिनिटं थांबून दोघांनी पुन्हा ग्रीनवर चालून बघायचं. तरी जमलं नाही तर लीगने त्या दिवसासाठी नेमलेल्या, दोन्ही क्लबांबाहेरच्या माणसाला फोन. त्याचा शब्द अखेरचा. खेळ थांबला त्या क्षणी प्रत्येक रिंकच्या स्कोअरकार्डावर पूर्ण झालेले एंड, शॉट आणि वेळ लिहून दोन्ही स्किपची सही घ्यायची, आणि फोनवर फोटो. ओल्या कागदावर पेन चालत नाही, म्हणून पेन्सिल ठेवा.

तक्रारीला मुदत घाला, रविवारी संध्याकाळपर्यंत, लेखी, एकदाच. आमच्याकडे मुदत नव्हती, म्हणून तिसऱ्या आठवड्यात कोणालातरी नवा साक्षीदार आठवला.

मला विचाराल तर लीगला दोन-तृतीयांश आणि गुणवाटप, बाद फेरीला तिथूनच पुढे, आणि एका दिवसाच्या मंडळाच्या स्पर्धेला घड्याळ: पाच वाजता घंटा, चालू एंड पूर्ण करायचा, जो पुढे तो जिंकला, घंटेआधीच पाऊस आला तर शेवटचा पूर्ण झालेला एंड धरायचा. आणि हे सगळं एका पानावर, पहिला बोल पडायच्या आत, बारच्या दारावर चिकटवा. नोटीस बोर्डवर नको, तिथे कोणी बघत नाही.