आढावा कधी घ्यावा: प्रकल्पाअखेर, स्प्रिंटअखेर की अडचण येताच?

समजा, बेळगावातील टिळकवाडीतील आठ-दहा जणांचा एक संघ उद्यमबागेतील फाउंड्रींसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी) हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूला दिलेला क्रमांक), स्टॉक आणि रिजेक्शन यांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करत आहे आणि आपल्या कामाच्या पद्धतीचा आढावा कधी घ्यायचा हे त्याला ठरवायचे आहे. त्याच्यापुढे तीन मार्ग आहेत: प्रकल्प संपल्यावर एकदाच, प्रत्येक स्प्रिंटच्या (म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्याच्या) शेवटी, किंवा अडचण दिसताच काम थांबवून.

प्रकल्पाअखेरच्या आढाव्यात सगळा हिशेब एकत्र दिसतो. मुदतीचा अंदाज कुठे चुकला आणि मूळ कामात नसलेल्या किती गोष्टी फुकट करून द्याव्या लागल्या, हे पुढच्या कोटेशनसाठी कळणे आवश्यकच असते. पण ज्या कामात चूक झाली ते काम तोवर संपलेले असते, कारणे कोणाला नीट आठवत नाहीत आणि ज्याला आठवली असती तो बहुधा पुण्याच्या किंवा बंगळूरच्या नोकरीत रुजू झालेला असतो.

स्प्रिंटअखेरच्या बैठकीमागील विचार 2001 साली अमेरिकेतील यूटा राज्यात 17 जणांनी एकत्र येऊन केलेल्या, सॉफ्टवेअर कसे तयार करावे याविषयीच्या अजाईल जाहीरनाम्यातही आहे. त्याच्या 12 तत्त्वांपैकी शेवटचे तत्त्व असे सांगते की संघाने ठरावीक काळाने आपल्या कामाकडे पाहून त्यानुसार वागणूक बदलावी. स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या ‘स्क्रम’ या पद्धतीच्या गाइडनुसार महिनाभराच्या स्प्रिंटसाठी ही बैठक जास्तीत जास्त तीन तासांची असते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला तासाभराचा वेळ सहसा पुरतो. याच गाइडच्या 2017 च्या आवृत्तीत किमान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंटच्या कामांत घालण्याची सक्ती होती, जी 2020 मध्ये काढून टाकण्यात आली. लहान संघांनी माझ्या मते जुनाच नियम पाळावा, कारण जबाबदार व्यक्तीचे नाव नसलेल्या दहा सूचनांपेक्षा नाव आणि मुदत असलेली एक सुधारणा अधिक उपयोगी पडते.

या मार्गातील खरी अडचण आपल्याकडे वेगळीच आहे. खानापूर-निपाणीकडची मुले मराठीत विचार करतात, गोकाक-बैलहोंगलकडची कन्नडमध्ये, आणि बैठक मात्र इंग्रजीत चालते. त्यामुळे ज्याची इंग्रजी सफाईदार त्याचीच तक्रार खरी ठरते. त्यातच मालक किंवा ‘सर’ समोर बसलेले असतील, तर नवखा प्रोग्रॅमर सगळे ठीक चालले आहे असेच सांगणार. यासाठी पहिली दहा मिनिटे कोणीही न बोलता, ज्याला जी भाषा येते तीत, काय सुरू करावे, काय थांबवावे आणि काय चालू ठेवावे हे चिठ्ठ्यांवर लिहावे. चिठ्ठ्या एकत्र करून दोन्ही भाषा येणाऱ्याने वाचाव्यात आणि मालकांनी शेवटच्या पंधरा मिनिटांतच यावे. (अशी दोन्ही भाषा येणारी माणसे बेळगावात शोधावी लागत नाहीत.)

तिसरा मार्ग टोयोटाच्या कारखान्यातून आलेला आहे. तिथे दोष दिसताच कामगार दोरी ओढून मदत मागतो आणि दोष वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते. मग पुन्हा पुन्हा ‘का?’ असे विचारत मूळ कारणापर्यंत पोहोचले जाते. आपल्या ग्राहकाला हे नव्याने शिकवावे लागणार नाही, कारण कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायू अडकून पडलेली छिद्रे) दिसू लागले की फाउंड्रीवाला महिनाअखेरची वाट पाहत नाही. बिघडलेला रिपोर्ट किंवा बंद पडलेला सर्व्हर यांना हीच पद्धत योग्य होय. मात्र हळूहळू साचणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ ग्राहकाने थेट एखाद्या प्रोग्रॅमरला फोन करून परस्पर बदल मागणे, कोणत्याही एका दिवशी काम थांबवण्याइतक्या गंभीर वाटत नाहीत, आणि म्हणून त्या या जाळ्यातून सुटतात.

म्हणून नवे मॉड्यूल तयार करणाऱ्या संघाने दुसरा मार्ग मुख्य ठेवावा आणि बिघाडांपुरता तिसरा वापरावा. ज्यांचे काम मुख्यतः सपोर्टच्या कॉलवर चालते आणि ज्यांना स्प्रिंट आखताच येत नाही, त्यांनी तिसरा मार्ग मुख्य धरून महिन्यातून एक बैठक घ्यावी. पहिला मार्ग कोटेशनच्या हिशेबापुरता राहू द्यावा. तीन-चार बैठकांनंतरही ठरलेली एकही सुधारणा अमलात आली नसेल, तर बैठकीचा साचा बदलण्यापूर्वी, त्या सुधारणा करण्याचा अधिकार संघाला खरोखर दिलेला आहे का, हे मालकांनाच विचारावे.