नव्या ब्रेक पॅडची चिरचिर आणि विक्रोळीतील एक छोटे गॅरेज

जुलैमध्ये आमच्या सात वर्षे जुन्या हॅचबॅकचे पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले आणि चौथ्या दिवसापासून प्रत्येक सिग्नलपाशी गाडी अशी चिरकू लागली की शेजारचा रिक्षावाला वळून पाहत असे. ज्या वर्कशॉपने पॅड बसवले होते, तेथे आधी ‘आवाज आपोआप जाईल’ असे सांगण्यात आले आणि दुसऱ्या फेरीत गाडीचे चाक न उघडताच दोन्ही डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या आणि पॅड ज्यांना दाबतात त्या चकत्या, बदलण्याचा सल्ला मिळाला. त्यानंतर मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरजवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो.

तेथील मेकॅनिकने पान्याला हात लावण्याआधी बरेच प्रश्न विचारले: आवाज हलका ब्रेक दाबल्यावर येतो की जोरात दाबल्यावर, सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना येतो की दिवसभर, आणि ब्रेक न दाबताही येतो का. हे प्रश्न उगीच नव्हते. पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो घासून जातो. तेवढ्यापुरत्या आवाजाला काही करावे लागत नाही. ब्रेक न दाबताही येणारा आवाज मात्र कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकल्याचा, किंवा पॅड संपत आल्याची सूचना देणारी पत्र्याची पट्टी डिस्कला टेकत असल्याचा असू शकतो. माझा आवाज हलक्या ब्रेकला आणि दिवसभर येत होता, म्हणजे पॅड आपल्या जागी थरथरत असावा, असा त्यांचा अंदाज होता.

चाक काढल्यावर कारण समोर आले. डाव्या कॅलिपरची खालची पिन कोरडी पडून जवळजवळ जाम झाली होती, त्यामुळे कॅलिपर मोकळा सरकत नव्हता आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त घासून काचेसारखा चकाकू लागला होता. पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा जुन्याच, त्याही वाकलेल्या होत्या, आणि पॅडच्या पाठीमागची शिम (थरथर कमी करणारी पातळ चकती) एका बाजूला बसवलेलीच नव्हती. ज्या डिस्क बदलायला सांगितल्या होत्या, त्यांची जाडी मोजून ती डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा भरपूर जास्त असल्याचे त्यांनी मला दाखवले.

पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावण्यात आले, कारण साध्या ग्रीसने पिनेवरचे रबर फुगते. क्लिपा आणि शिम नव्या घातल्या, पॅडची चकाकी पॉलिश पेपरने उतरवली आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली. मजुरी व सामान मिळून १,४०० रुपये झाले. दोन डिस्कच्या खर्चापुढे ही रक्कम मला किरकोळच वाटली.

शेवटचे काम मात्र माझ्यावर सोपवण्यात आले. मुंबईच्या रहदारीत नवे पॅड डिस्कशी घासून नीट जुळतच नाहीत, कारण गाडी सतत रांगत असते. म्हणून पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर, मागे गाडी नसल्याची खात्री करून, ताशी ५० वरून १५ पर्यंत वेग दहा वेळा बेताच्या ब्रेकने उतरवायचा, मध्ये थोडे अंतर धावू द्यायचे, पूर्ण थांबायचे नाही आणि नंतर ब्रेक थंड होईपर्यंत गाडी सावकाश चालवायची, असे त्यांनी सांगितले. रविवारी सहा वाजता जाऊन हे केले आणि परतताना गोदरेजच्या सिग्नलला गाडी निमूट थांबली.

उणिवाही आहेत. बसायला जागा नाही, फोन क्वचितच उचलला जातो, बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि दीड तासाचे काम म्हणून सांगितलेले काम साडेतीन तास चालले. शनिवारी तर गाड्यांची रांग रस्त्यावर येते, त्यामुळे जायचे असल्यास आठवड्यातल्या एखाद्या सकाळी जावे आणि आवाज नेमका केव्हा येतो, याचे उत्तर तयार ठेवावे.