एनॉक्सापॅरिन 60 एमजी, भरून येणारी सिरिंज : 5 पैकी 4 स्टार

ताईला सातव्या महिन्यात डाव्या पायात रक्ताची गुठळी निघाली, तेव्हापासून हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन आमच्या घरात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पाय मांडीपर्यंत सुजलेला, चालताना दुखायचा आणि सगळ्यांचं एकच, गरोदरपणात पाय सुजतातच. अहो पण सुजतात ते दोन्ही! एकच पाय सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करा. बहुतेक वेळा डावाच असतो, कारण त्या बाजूची शीर वरून जाणाऱ्या धमनीखाली दबते.

डोस वजनावर ठरतो, ताईला 60 चं सकाळ-संध्याकाळ होतं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो तो काढायचा नाही, मुद्दाम ठेवलेला असतो. पोटाच्या कडेला कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी घालायची, हळूहळू दाबायचं, औषध संपेपर्यंत चिमटी सोडायची नाही आणि नंतर अजिबात चोळायचं नाही, नाहीतर काळंनिळं जास्त होतं. बाळाला टोचेल का ही भीती सगळ्यांनाच असते, पण सुई बारीक आणि आखूड, कातडीखालच्या चरबीतच राहते, आणि औषधही वारेतून बाळाकडे जात नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी बाळाला त्रास देऊ शकते म्हणून गरोदरपणात हेच देतात.

एक स्टार कापला कारण आग होते, रोज दोन म्हणजे खर्च बराच होतो, आणि 25 डिग्रीच्या खाली ठेवायचं असतं, ते अकोल्यात मे महिन्यात कसं जमवायचं? आम्ही मेडिकलमधून थोडी थोडीच आणायचो.

सिझरची तारीख ठरली तेव्हा पाठीतल्या भुलीसाठी 24 तास आधी बंद केलं, नंतर डॉक्टरांनी सांगितल्यावर परत सुरू. आणि इथेच बायका थांबवतात, प्लीज थांबवू नका, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे धोका उलट जास्त असतो. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी द्या, सव्वा महिना उठू देऊ नका, हे तर गुठळीला आमंत्रणच. मालिशवाल्या मावशींना सुजलेल्या पायाला हात लावू दिला नाही आम्ही. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, सकाळची वाट बघू नका, लगेच 108 ला फोन.

ताईचं अजून चालू आहे, बाळाला अंगावर पाजतेय, त्याला काही अडचण नाही.