संपादकाचे नाव कोठे नोंदवावे : क्रॉसरेफ की डेटासाइट?

नाशिकच्या पांडवलेणीतील शिलालेखांवर एखाद्या अभ्यासगटाला संशोधनपर लेख ऑनलाइन प्रसिद्ध करायचा असेल, तर त्यामागे लेखकाखेरीज आणखी तिघे तरी असतात : ब्राह्मी लिपीतील प्राकृत मजकुराचा मराठी अनुवाद करणारा, लेण्यांची छायाचित्रे काढणारा आणि मसुदा ओळीओळीने तपासणारा संपादक. शेवटी आभाराची एक ओळ लिहून त्यांची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती ओळ वाचक वाचतो. शोधयंत्रणा आणि ग्रंथालयीन सूच्या मात्र मेटाडेटावर, म्हणजे लेखाविषयीच्या यंत्रवाच्य नोंदींवर, चालतात, आणि तेथे नाव नसेल तर ते काम शोधून सापडत नाही. उलट सगळ्यांनाच लेखक म्हणून नोंदवणेही मला अयोग्य वाटते, कारण मजकुरातील विधानांची जबाबदारी लेखकाची असते.

डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक, देणाऱ्या दोन प्रमुख संस्थांची रचना येथे वेगळी पडते. क्रॉसरेफमध्ये सर्व योगदानकर्ते एकाच यादीत येतात आणि प्रत्येकापुढे लेखक, संपादक, अनुवादक, परीक्षक अशी भूमिका नोंदवली जाते. डेटासाइट मात्र ‘निर्माते’ आणि ‘योगदानकर्ते’ असे दोन गट करते. दुसऱ्या गटातील भूमिकांची यादी बरीच लांब आहे. संपादक तिच्यात पूर्वीपासून आहे, अनुवादक मात्र डेटासाइटच्या मेटाडेटा-आराखड्याच्या २०२४ च्या ४.६ आवृत्तीत आला. छायाचित्रकाराला दोन्हीकडे स्वतंत्र नाव नाही; डेटासाइटमध्ये निदान ‘इतर’ म्हणून त्याची नोंद करता येते. परंतु डेटासाइटने सुचवलेल्या उद्धरणात केवळ निर्मात्यांची नावे असतात, त्यामुळे संपादक शोधात सापडला तरी संदर्भसूचीत दिसत नाही, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

क्रेडिट ही संशोधनातील योगदानाच्या १४ भूमिकांची वर्गवारी २०२२ मध्ये अधिकृत मानक झाली. ‘पुनरावलोकन व संपादन’ ही तिच्यातील भूमिका पाहून अनेकांना आपला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तथापि तिच्या व्याख्येत मूळ संशोधनगटातील व्यक्तींचेच काम अभिप्रेत आहे, म्हणून बाहेरून आलेला संपादक तीत बसवू नये. अनुवादक तर त्या यादीत नाहीच. ही वर्गवारी सहलेखकांमधील कामाची वाटणी सांगण्यासाठी चांगली आहे, तेवढ्यापुरतीच वापरावी.

वर्षाकाठी दोन-चार लेख काढणाऱ्या गटाने सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या झेनोडो या विनामूल्य ऑनलाइन भांडारात ते ठेवावेत, असे माझे मत आहे. तेथे डेटासाइटचा डीओआय मिळतो आणि योगदानकर्त्यांची भूमिकाही निवडता येते. नियमित अंक काढणाऱ्यांनी वार्षिक शुल्क भरून क्रॉसरेफचे सदस्यत्व घेणे योग्य. दोन्हीकडे आडनावाचा रकाना वेगळा असतो; तेव्हा वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहायचे असल्यास ते दर वेळी पहिल्या नावाच्या रकान्यातच लिहावे आणि प्रत्येकाकडून ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी ओळखक्रमांक आधीच मागून घ्यावा, म्हणजे देवनागरी व रोमन नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याचे यंत्रणेला कळते.